शेषेराव गप बसले तो गुरुवार

मुरुडच्या बाजारात शेषेरावांचा आवाज म्हणजे एक प्रस्थ होतं. उभी हयात त्यांनी अडतीवर हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारण्यात घालवली. समोर सोयाबीनचा ढीग, भोवती खरेदीदारांचं कोंडाळं आणि मधे शेषेराव उभे, बोली चढवत चढवत पार टिपेला नेणारे. लोक म्हणायचे, हर्रास मुरुडात होतो आणि भाव बार्शी रोडच्या ढाब्यावर कळतो. आता ह्यात थोडं मीठमसाला असेल, पण फार नाही. पुढं अडत सुटली, दात हलायला लागले, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, आवाज मात्र जागचा हलला नाही. हळू बोलणं ही गोष्टच त्यांना ठाऊक नव्हती. कुणाच्या कानात गुपित सांगायला गेले तर तो बिचारा कान चोळत बसायचा, आणि गुपित तोवर गल्लीच्या पार त्या टोकाला नागम्माला कळलेलं असायचं.

असल्या घरात सुनेचं ऑफिस आलं. घ्या आता!

सून म्हणजे पुनम. माहेर देगलूर. देगलूर पडलं सीमेवर, तिथलं लेकरू रडतं मराठीत, भांडतं तेलुगूत आणि बाजारात कानडीत घासाघीस करतं. ह्याच गुणावर पुनमला हैद्राबादेत एका कंपनीत नोकरी लागली होती. आपल्या भागातली माणसं मोठं दुखणं आलं की हैद्राबाद गाठतात. डॉक्टर बोलणार तेलुगूत, ह्यांना त्यातलं ओ का ठो कळत नाही, आणि ह्यांचं रडगाणं डॉक्टरला उमगत नाही. अशा वेळी दोघांच्या मधे फोनवर पुनम. त्याचं ह्यांना सांगायचं, ह्यांचं त्याला सांगायचं. नोकरी चांगली होती. पण शेषेरावांचा मुलगा वैजनाथ लातुरात दुकानावर कामाला आणि बायको हैद्राबादेत, असा तो संसार. सृष्टी झाली, रांगायला लागली तशी पुनमला परत कामावर जावं लागलं. लेकरू आजीपाशी, सिंधुबाईंपाशी राहिलं. पुनम यायची महिन्यातून एखाद-दोन रविवार, ते पण निम्मे बसमधे जायचे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. सृष्टी आजीला ‘आई’ म्हणायला लागली. आणि आईला? आईला ‘पुनम’. घरातली सगळी पुनम म्हणतात, मग तीही म्हणायची. चार वर्षांचं लेकरू दारात उभं राहून म्हणायचं, “पुनम आली,” जसं दूधवाला आला म्हणावं. पुनम हसायची. तिचं ते हसणं बघवत नसे म्हणून शेषेराव अशा वेळी हटकून गोठ्याकडं निघून जायचे.

उन्हाळ्यात कंपनी म्हणाली, दिवाळीपर्यंत घरून काम करून बघ. जमलं तर कायमचं, नाही जमलं तर परत ये.

मधली खोली रिकामी केली. ज्वारीची पोती पडवीत गेली. टेबल आलं, खुर्ची आली, लाल दिवे लुकलुकवणारा इंटरनेटचा एक डबा आला. खोलीत आवाज घुमतो म्हणून पुनमनं चारी भिंतींवर गोधड्या टांगल्या. सिंधुबाईंच्या हातच्या, लग्नातल्या लुगड्यांच्या, बारशाच्या झबल्यांच्या तुकड्यांच्या. बघणाऱ्याला वाटावं, घरात कोणाचं तरी बाळंतपण निघालंय. पहिल्या आठवड्यात नागम्मा सूप घेऊन आली. “सून घरीच हाय न्हवं? मग हितंच बसून जरा शेंगा फोडू लाग म्हणावं, हात रिकामेच हायत की!” सिंधुबाईंनी तिला दारातूनच वाटेला लावलं.

शेषेरावांचंही मत काही वेगळं नव्हतं. “बंद खोलीत फोनवर बोललालीय दिवसभर,” ते सिंधुबाईंना सांगायचे, म्हणजे सगळ्या गल्लीलाच. “ह्याला काय काम म्हणावं? काम केलं की अंगावर धूळ बसली पाहिजे.”

“तुमी बी बोलायचंच काम केलं की जलमभर,” सिंधुबाई म्हणायच्या.

“म्या धुळीत उभा राहून बोललो!”

मग ती शेळीची गोष्ट घडली. एक दिवस भरदुपारी नागम्माची शेळी पडवीत शिरली आणि ज्वारीच्या पोत्याला तोंड लावलं. शेषेरावांनी ते पाहिलं आणि बाजारात पुकारावं तसे ओरडले, “मर तिकडं! मर एकदाची!” शेळी गेली पळून. थोड्या वेळानं मधल्या खोलीचं दार उघडलं. पुनमचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही.

“मामा,” ती म्हणाली, “तिकडं एक आजोबा होते. उद्या त्यांचं ऑपरेशन. डॉक्टर त्यांना धीर देत होते. त्यांनी तुमचा आवाज ऐकला. ‘कोण म्हणालं मर,’ विचारलं आणि रडायला लागले.”

शेषेरावांना त्या दिवशी भाकरी गिळवली नाही. सगळी हयात ज्या आवाजानं नाव कमावलं तो कुठल्या कुठं जाऊन एका म्हाताऱ्याच्या उरात बसला. कंपनीनंही त्याची नोंद घेतली.

दुसऱ्या वेळेला तर त्यांनी भलं करायला जाऊन घोटाळा केला. गल्लीच्या तोंडाला बसलिंगप्पाची पिठाची गिरणी. पुनमचा फोन चालू आणि गिरणी सुरू झाली. शेषेराव तरातरा बाहेर आले आणि ओरडले, “बसलिंगप्पा! बंद कर की गिरणी! आमची सून बोललालीय!” गिरणीचा आवाज त्या डॉक्टरला ऐकू गेलाच नव्हता. शेषेरावांचा गेला.

त्याच संध्याकाळी कंपनीच्या मॅडमचा फोन आला. स्वप्नाली मॅडम, मूळच्या नांदेडच्या, मराठीचे सगळे फोन त्याच तपासायच्या. पुनमनं फोन स्पीकरवर टाकून बोलणं चालवलं होतं आणि शेषेराव दाराबाहेर बसलेले होते. ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं.

“पुनम, तुझं काम सोन्यासारखं आहे गं. पण वरचे आता ऐकत नाहीत. गुरुवारी अकराला एक मोठा फोन आहे. उमरीकडची माणसं आहेत, लहान लेकराच्या हृदयाचं ऑपरेशन. मी स्वतः ऐकत बसणार आहे. त्यात एक जरी आवाज आला ना, तर एक तारखेला तुला इकडं हजर व्हावं लागेल. माझ्या हातात काही नाही राहिलं.”

“बरं मॅडम,” पुनम म्हणाली.

तिनं घरात कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी माळ्यावरची निळी बॅग खाली काढली, फडक्यानं पुसली आणि उघडी करून उन्हात ठेवली. शेषेराव पडवीत बसले होते. सृष्टी आली, बॅगेभोवती एक चक्कर मारली आणि आत जाऊन बसली. गुडघे पोटाशी घेऊन, अगदी मावेल अशी. पुनमनं विचारलं, “हे काय गं?”

“मी पण,” सृष्टी म्हणाली. “पुनम, चेन लाव.”

पुनम तिथंच खाली बसली. पडवीतून बघता बघता शेषेरावांनी स्वतःलाच म्हटलं, शेषेराव, अख्ख्या बाजाराला गप करायची ताकद होती तुझ्यात, आता एकट्या स्वतःला गप करून दाखव.

ते लागले शिकायला. गोठ्यामागं जाऊन सिंधुबाईंसमोर हळू बोलायचा सराव. पहिल्यांदा निघाला तो आवाज फाटक्या भात्यासारखा होता. सिंधुबाई पदर तोंडाला लावून हसू दाबायच्या. “अवो, तुमी कुजबुजलालाव का कुणाला धमकी देलालाव?” पण माणूस हट्टी. बुधवारपर्यंत त्यांनी ते जमवलंच, आणि मग निघाले घरोघर.

आता ऐका हं. शेषेरावांना कुजबुजताना गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. बसलिंगप्पा गिरणीतून पीठ झटकत बाहेर आला तर शेषेराव त्याच्या कानाशी. “उद्या सकाळपासून गिरणी बंद ठेव बाबा. पुनमचा लई मोठा फोन हाय. दुपारपर्यंत गल्ली गप पायजे.” बसलिंगप्पाचा चेहराच उतरला. “काका, तब्येत बरी हाय न्हवं तुमची?” नागम्मानं तर काही विचारलंच नाही. त्या आवाजाला ती इतकी भ्यायली की लगेच म्हणाली, “मी शेळ्या पहाटंच रानात नेते. कोंबड्या बी झाकते.” कुणाचा कुकर होता, कुणाचा टीव्ही, कुणाचं तान्हं. प्रत्येकानं मान डोलावली. शेषेराव ओरडून सांगते तर निम्म्यांनी ऐकलं नसतं. ते हळू बोलले आणि लोकांच्या काळजाला हात लागला. ह्या गोष्टीचा शेषेरावांना स्वतःलाच अचंबा वाटला.

गुरुवार उजाडला. शेषेरावांनी उठल्यापासून तोंड उघडलं नाही. एरवी त्यांच्या पहिल्या खाकरण्यानं गल्ली जागी व्हायची. त्या दिवशी ती आपली आपणच जागी झाली आणि पावलं न वाजवता कामाला लागली. बायकांनी भांडी फडक्यावर ठेवून घासली. ज्यांना काम नव्हतं ते ओट्यांवर येऊन बसले, कुणी मान खाली घालून, कुणी गुडघ्यात डोकं खुपसून. माणसाला गप बसायला सांगितलं की तो आपोआप असाच बसतो.

आणि शेषेराव आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर ऐकायला लागले. पत्र्यावरून खारीची पावलं गेली ती मोजता आली असती. रांजणातून पाणी झिरपून खालच्या वाळूत थेंब पडत होता. पडवीतल्या पोत्यात एखादा दाणा आपोआप घरंगळायचा. चुलीपुढं सिंधुबाई पीठ मळत होत्या, त्यांच्या बांगड्या हळूच सरकत होत्या, आणि शेषेरावांना वाटलं, हे सगळं रोज असंच होत असणार. आपण घरात असून कधी ऐकलं नाही. आपल्या आवाजाखाली केवढं घर दबून होतं हे! त्यांच्या अंगावर काटा आला. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर येतो तसा.

इकडं गल्लीच्या तोंडाला दुसरंच रामायण घडत होतं. ते शेषेरावांना मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. त्यांचे जुने अडतीवरचे दोस्त आप्पासाहेब सकाळीच मोटारसायकलवरून लातूरला चालले होते. बघतात तर गिरणी बंद. आता मुरुडात गिरणी काही उगाच बंद राहत नाही. गल्लीत कुणी गेलं तरच तिची मोटार थांबते, आणि माती होईपर्यंत थांबते. आप्पासाहेब उतरले. ओट्यांवर माणसं माना खाली घालून बसलेली, कुणी बोलेना. शेषेरावांचा आवाज सकाळपासून नाही. त्यांनी बसलिंगप्पाला विचारलं, “काय झालं रे?” बसलिंगप्पानं गप राहायचा शब्द दिलेला. त्यानं काही न बोलता नुसता हात केला, शेषेरावांच्या घराकडं. आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, घराकडं तोंड करून हात जोडले आणि मातीच्या वेळेला परत येऊ म्हणत पाणावल्या डोळ्यांनी पुढं निघाले. लातूर गाठण्याआधीच त्यांनी औशाला कोंडाबाईंना फोन लावला. कोंडाबाई म्हणजे शेषेरावांची थोरली बहीण.

अकराला पुनमनं दार लावून घेतलं. शेषेराव दाराबाहेर पाटावर बसले, मांडीवर सृष्टी. तिनं स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं होतं आणि मोठ्या इमानदारीनं ते तसंच धरलं होतं.

आधी तेलुगू झालं. मग पुनमचा आवाज मराठीत आला, सावकाश, एकेक शब्द ठेवत.

“मी तुमच्या बाळाचं हृदय थोडा वेळ थांबवणार आहे.”

शेषेरावांनी श्वास धरला.

“तोपर्यंत एक मशीन त्याचं रक्त फिरवील. मी आतलं भोक बंद करीन आणि मग हृदय परत चालू करीन. ते चालू होईपर्यंत मी त्याच्यापासून हलणार नाही.”

तिचं बोलणं असंच असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं ती सांगत असेल, डॉक्टर असं म्हणतात, डॉक्टर तसं म्हणतात. ती तर ‘मी’ म्हणत होती. देगलूरच्या पोरीच्या तोंडून, ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीतून, हैद्राबादचा तो एवढा मोठा डॉक्टर बोलत होता. मग थोडं थांबून ती तेलुगूत बोलायला लागली आणि तिचा आवाज बदलला. बारीक झाला, थरथरला. भाषा कळत नव्हती, पण शेषेरावांना बरोबर कळलं, आता ही त्या लेकराची आई झाली. एका घडीत काळीज थांबवणारी, दुसऱ्या घडीत ज्याचं थांबणार त्याची माय. बाप रे बाप! एवढं सगळं ह्या पोरीच्या एका गळ्यातून रोज जात होतं, आणि आपण म्हणत होतो, अंगावर धूळ बसत नाही.

त्यांना तरुणपणीची बाजारपेठ आठवली. तेव्हा उघडा हर्रास नव्हता. देणारा आणि घेणारा, दोघांचे हात एका रुमालाखाली. बोटं दाबून भाव ठरायचा. बोटं पसरली तर बोली वाढली, मूठ मिटली तर सौदा नाही. मधल्या माणसानं दोघांचं समजून घ्यायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. त्यांच्या म्हाताऱ्या मालकाचा एक नियम होता, रुमालाखालचा भाव तिसऱ्याच्या कानाला लागला तर तो सौदा बाटला.

आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं. आपण ऐकतोय. आपणच काय, शेळ्या रानात बांधून आलेली नागम्मा समोरच्या ओट्यावर पदरानं डोळे पुसतेय म्हणजे तिलाही ऐकू जातंय. गल्ली एवढी गप होती की बंद दारातून एकेक शब्द बाहेर येत होता. उमरीकडच्या कुठल्या तरी मायबापाचं काळीज आतमधे उघडं पडलं होतं आणि इथं अख्खी गल्ली कान देऊन बसली होती.

शेषेराव उठले. सृष्टीला कडेवर घेतलं, बाहेर आले आणि दोन्ही हातांनी सगळ्यांना खूण केली. उठा. लांब व्हा. गिरणीपुढच्या कडुलिंबाखाली चला. कुणी का म्हणून विचारलं नाही. चपला हातात घेऊन, लुगडी सावरून, तान्ह्याला छातीशी दाबून सगळी गल्ली चवड्यांवर चालत निघाली. सिंधुबाई पीठभरल्या हातानंच आल्या. एवढी माणसं चालताहेत आणि पाचोळा सुद्धा वाजत नाही, असं शेषेरावांनी कधी पाहिलं नव्हतं.

लिंबापाशी पोचतात न पोचतात तोच गल्लीच्या तोंडाला एक जीप येऊन थांबली. मागचं दार उघडलं आणि कोंडाबाई उतरल्या. मागं औशाच्या आणखी बायका. केस विस्कटलेले, पदर ओढलेला.

कोंडाबाईंचं रडणं पंचक्रोशीत गाजलेलं. बापाचाच आवाज दोघा भावंडांत वाटून गेला होता. भावानं तो बाजारात वापरला, बहिणीनं मयतीत. गावाच्या शिवेपासून हंबरडा फोडत यायचं ही रीत, आणि ती कोंडाबाईंइतकी कुणाला जमत नव्हती. आई गेली तेव्हा ह्याच लिंबावरची सगळी पाखरं त्यांनी एका हाकेत उडवली होती. त्यांनी दोन्ही हात वर केले. छाती भरून श्वास घेतला. तो श्वास शेषेराव ओळखत होते. आणि घर तिथून काही लांब नव्हतं.

शेषेरावांनी सृष्टीला सिंधुबाईंच्या हातात दिलं आणि ते चालायला लागले. पळता येत नव्हतं, पळालं की पावलं वाजणार. कोंडाबाईंनी समोर पाहिलं. ज्याच्यासाठी रडायला आलो तो दोन पायांवर चालत, तोंडावर बोट ठेवून आपल्याकडंच येतोय! त्यांचे डोळे पांढरे झाले. श्वास आत अडकला तो अडकलाच. पण अजून क्षणभर, आणि आता तो हंबरडा नव्हे, किंकाळी होऊन बाहेर पडणार होता.

शेषेरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, बहिणीचा हात धरला, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला आणि खाली तिची बोटं एकेक करून मिटवली. मूठ. सौदा नाही.

लहानपणी दोघं असंच खेळायची, रुमालाखाली बोरांचा भाव करायची. शेषाला सगळी बोरं हवी असायची आणि कोंडा मूठ मिटायची. इतक्या वर्षांनी तीच मूठ तिच्या हातात होती, आणि मिटवणारा हात गरम होता. कोंडाबाईंनी तो चाचपला. एकदा, दोनदा. मग भावाच्या तोंडाकडं पाहिलं. शेषेरावांनी घराकडं बोट केलं, मग सृष्टीकडं केलं आणि हात जोडले. थोरल्या बहिणीपुढं ह्या माणसानं कधी हात जोडले नव्हते.

काय कळलं कुणास ठाऊक त्या माउलीला, पण तिनं तो श्वास गिळला. दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि धुळीत फतकल मारून खाली बसली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, खांदे गदगदा हलताहेत, आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही. औशाच्या बायकाही तशाच बसल्या. रडायला आलेल्या बायका, मूग गिळून. शेषेराव बघतच राहिले. हर्रासात एवढा मोठा सौदा त्यांनी कधी केला नव्हता.

फोन संपला तेव्हा पुनम खोलीत एकटी होती. कानावरचं यंत्र तिनं काढलं तोच स्वप्नाली मॅडमचा फोन आला. “अगं, तू हैद्राबादला कधी आलीस? सांगितलं पण नाहीस. कुठल्या खोलीत बसलीयस?”

“घरीच आहे मॅडम. मुरुडला.”

पलीकडून मॅडम म्हणाल्या, “इथं ऑफिसात पण इतकं शांत नसतं गं. तू तिथंच राहा. मी आजच लिहून देते.”

पुनम धावतच बाहेर आली, सांगायला. पडवीत कुणी नाही. चुलीपुढं मळलेलं पीठ तसंच. ओटे रिकामे. एक माणूस नाही सगळ्या गल्लीत. ती तशीच अनवाणी निघाली आणि वळणावर येऊन थबकली. लिंबाखाली सगळी गल्ली बसलेली होती. बसलिंगप्पा, नागम्मा, कुणाकुणाची तान्ही, औशाच्या कधी न पाहिलेल्या बायका, धुळीत बसलेल्या आत्तेसासूबाई. कुणी बोलत नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते. हे कशासाठी, ते तिला कळायला एक क्षण लागला. तिनं नुसती मान डोलावली. झालं. इथंच राहिले.

शेषेरावांच्या जिभेवर आलं होतं, विचारावं, त्या लेकराचे मायबाप काय म्हणाले? पण त्यांनी विचारलं नाही, कधीच नाही.

सृष्टी एवढा वेळ सिंधुबाईंच्या कडेवर होती. तोंडावरचं बोट तिनं अजून काढलं नव्हतं. तिनं बोटाआडून हळूच विचारलं, “आबा, आता बोलू?”

शेषेरावांनी मान डोलावली.

तिनं बोट काढलं आणि सगळा दम लावून हाक मारली, “आई!” आजोबांचाच आवाज तो, लिंबापासून घरापर्यंत सरळ गेला.

“ओ,” सिंधुबाई म्हणाल्या. सवयच ती. पण सृष्टी त्यांच्या कडेवरून घसरून खाली उतरली होती आणि पळत सुटली होती, सरळ पुनमकडं. पुनमनं तिला उचललं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. सिंधुबाईंचा पीठभरला हात तिथंच राहिला, लेकराला धरलेला असावा तसा. त्या हसत होत्या आणि त्यांची हनुवटी हलत होती.

कोंडाबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, भावजयीपाशी गेल्या आणि तो पिठाचा हात आपल्या हातात घेतला. मग भावाकडं वळल्या.

“शेषा,” त्या हळूच म्हणाल्या, “आता तरी रडू का रे?”

शेषेरावांना आता मोठ्यानं बोलायला काही हरकत नव्हती. तरी ते कुजबुजलेच. “रड की अक्का. पोटभर रड.”

कोंडाबाईंनी सिंधुबाईंना मिठीत घेतलं, छाती भरून श्वास घेतला, आणि लिंबावरची सगळी पाखरं एकदम उडाली. बसलिंगप्पानं गिरणी चालू केली, पण ती कुणाला ऐकूच आली नाही.